मळीच्या रंगाचं सलाईन

२२ सप्टेंबर, सोमवार

घडलं ते असं.

१. सकाळी १०.४०. इव्हॅपोरेटर नं. २ (उसाचा रस आटवायचं भांडं), त्यातली पातळी मोजणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन. उभी शिडी, सतरा पायऱ्या. बेल्ट अंगावर होता. हुक वरच्या प्लॅटफॉर्मला लावायचा असतो, म्हणून अजून मोकळा.
२. पायऱ्या कोरड्या. हातमोज्यांना तेल नाही, ग्रीस नाही.
३. नवव्या पायरीपासून कानात शिट्टी. थांबले नाही.
४. अकराव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधार. कडांकडून आत येत गेला.
५. हात सुटल्याचं आठवत नाही.
६. शुद्ध आली तेव्हा फिटर शौकत मिस्त्री मागे होते. त्यांचे दोन्ही हात दोन्ही बाजूंनी शिडीला, खांदा माझ्या कमरेला, मी शिडीवर दाबलेली. ते माझ्यामागे का चढले होते, माहीत नाही.
७. ते ओरडले नाहीत. "म्याडम, उजवा पाय. आता डावा." असं खालपर्यंत.
८. जमिनीवर १०.४६. डावं मनगट मुरगळलं.

बाकीचे चहाला गेले होते. कोणी पाहिलं नाही. सेफ्टी ऑफिसर देसाई मनगटाला बँडेज बघून फॉर्म घेऊन आले. "पाय घसरला का?" मी म्हणाले, "हो." एक शब्द. पुढचं त्यांनी लिहिलं. मी सही केली.

आज घट बसले. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, उपवासानं झालं असेल. मी उपवास करत नाही. तेही सांगितलं नाही.


२४ सप्टेंबर

विट्याच्या लॅबचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ६.९. फेरिटिन (साठ्यातलं लोह) ४. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ८.२ होतं. तेव्हापासून रोज लोहाची गोळी. माझ्या वहीत गोळीचा रकाना सहा महिने एकही दिवस रिकामा नाही. वेळेसकट. ८.०५, ८.०५, ८.१०, ८.०५.

इतकं नीट भरलेलं रीडिंग आणि उलट दिशेला गेलेला आकडा. मशीन असतं तर सेन्सर बदलला असता.


२५ सप्टेंबर

डॉक्टर (फिजिशियन, चाळिशीच्या, कमी बोलतात, बरं वाटलं). पाळी किती दिवस? आठ. किती महिने? दीड वर्ष. आधी का नाही आलात? सोनोग्राफी सांगितली. ती वेगळी. गोळ्यांनी भागणार नाही, शिरेतून लोह द्यायचं. मंगळवारी एक हजार मिलीग्रॅम, आठवड्यानं पाचशे. दवाखान्यात दोन-अडीच तास. भरती व्हायचं नाही.

मी विचारलं, उंचीवर चढायला कधी? त्या म्हणाल्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय मी कागद देणार नाही.

कारखान्याचाही नियम तोच आहे. उंचीवर चढायचा परवाना, हाइट पास, त्याला दहाच्या वर. कोणी विचारलं नाही तर मात्र कोणी बघत नाही. माझा पास मार्चपर्यंत चालू आहे. हा पास मिळवायला मला दोन वर्षं लागली. इन्स्ट्रुमेंट विभागात पास असलेली मी एकटी बाई. तो गेला तर कंट्रोल रूममध्ये खुर्ची. हंगामभर स्क्रीन बघायचा, चढणार दुसरं कोणी.

म्हणून "हो" म्हणाले. हे इथे तरी लिहिते.


२६ सप्टेंबर

शौकत मिस्त्रींना मेमो. 'शिडीच्या पायऱ्यांवर तेलकटपणा, देखभालीत हयगय.' माझ्या सहीच्या फॉर्मवरून. मी परत जाऊन कॉपी वाचली. "पायरी तेलकट असल्याने पाय घसरला." ही ओळ माझी नाही. खाली सही माझी.

ते अकरा हंगाम हंगामी फिटर आहेत. यंदा कायम करायच्या यादीत त्यांचं नाव आहे असं सगळे म्हणतात. यादी दिवाळीनंतर, उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू व्हायच्या आधी लागते. मेमो असलेल्याचं नाव राहत नाही.

दुपारी वर्कशॉपवरून गेले. ते व्हॉल्व्ह घासत होते. मान वर करून म्हणाले, "म्याडम, मनगट कसं हाय?" मी म्हटलं, बरंय. त्यांनी परत घासायला घेतलं.


२८ सप्टेंबर, रविवार

आईचा वाईहून फोन. ती नऊ दिवस एकवेळच जेवते. "तुझा आवाज का असा येतोय?" नेटवर्क, म्हटलं. "पालेभाजी लोखंडी कढईत करत जा, तुझे डोळे पांढरे दिसत होते गणपतीत." म्हणजे आईला दिसलं होतं. मी विषय बदलला.

मंगळवारची माहिती काढून ठेवली. रिॲक्शन क्वचित. झालीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग, महिनोन् महिने, कधी कायमचा. हे वाचून भीती वाटली. हास्यास्पद आहे. चाळीस फुटांवर काम करते मी.


३० सप्टेंबर, मंगळवार

सविस्तर लिहिते. पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल, निदान मला.

९.३० ला हजर. चार खाटांची खोली, खिडकीतून एसटी स्टँडचा भोंगा ऐकू येतो. सिस्टर जाधव. पंचेचाळीसच्या आसपास, नवरा फौजेत, हे त्यांनी नाही, शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी सांगितलं. सिस्टर चालताना पाय वाजत नाहीत.

पहिला प्रश्न: "काय खाल्लंय?"

"काही नाही. रक्त तपासायला येतो तसं उपाशीपोटी आले."

"कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. मीच ठरवलं. दोन पानं माहिती काढली आणि ही एक ओळ तपासली नाही.

"रिकाम्या पोटी मी सुई हातात घेत नाही," म्हणाल्या आणि खालच्या कॅन्टीनमधून उप्पीट मागवलं. समोर उभं राहून संपवायला लावलं. शेजारच्या काकूंनाही खायची तीच ताकीद. काकू मूळच्या इथल्याच, मालक कोईमतूरला गलाईच्या दुकानात, नवरात्राला गावी आलेल्या. त्यांना नऊ दिवसांचा कडक उपवास. नुसतं पाणी आणि एक लवंग.

सिस्टर: "काकू, केळं खायचं आन शेंगदाण्याचा लाडू. दोन्ही उपासाला चालतंय."

काकू: "आवं सिस्टर, देवीला काय वाटंल?"

सिस्टर: "देवीसमोर चक्कर येऊन पडला तर जास्त वाटंल."

काकूंनी लाडू खाल्ला. मग माझ्याकडे वळून, "आमचं माणूस तीस वरीस लोकांचं सोनं गाळून शुद्ध करतंय. आन डॉक्टरीण म्हणती माझ्यात लोखंडच न्हाई. घरात सांगायची सोय न्हाई बघा." मी हसले. बहुतेक आठवडाभरात पहिल्यांदा.

मग फॉर्म. वजन ५४. उंची. बीपी १०४/६६. दमा? नाही. औषधाची ॲलर्जी? नाही. दिवस गेलेत का? नाही. आधी कधी असं सलाईन? नाही.

"कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ?"

"नाही."

सिस्टर लिहिता लिहिता थांबल्या. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याकडे बघत होत्या. प्लास्टिकच्या डबीत कच्चे तांदूळ. ड्यूटीवर खाते. वर्ष झालं असेल. चव म्हणून नाही, दातांना हवं असतं.

"खाते," म्हटलं.

"लाजायचं नाही. शरीर लोह मागतं, कुठं मागायचं ते त्याला कळत नाही. भरलं की आपोआप सुटतं." आणि लिहिलं: तांदूळ, हो.

"गोळ्या घेत होता?"

"रोज. सहा महिने. एक दिवस चुकला नाही." वही दाखवली. (वही नेली होती. हो.)

त्यांनी सगळी पानं उलटली. खरंच सगळी. आजवर ती वही कोणी अशी वाचली नव्हती. मग विचारलं, "ही आठ-पाचची वेळ. कशाबरोबर?"

"चहाबरोबर. आठला शिफ्टचा चहा येतो."

"मग सहा महिने गोळी चहानं प्यायली. तुम्हाला काय मिळालं नाही."

मला वेळ लिहायचं सुचलं, कंपनीचं नाव, बॅच नंबर लिहायचं सुचलं. चहा लिहायचं सुचलं नाही. रोज होता म्हणून तो दिसलाच नाही. मी कारखान्यात हेच सगळ्यांना ऐकवत असते: रीडिंग चुकत असेल तर जे कधीच बदलत नाही ते आधी बघा.

त्या हसल्या नाहीत. "एवढी नीट वही ठेवणारं माणूस पहिल्यांदा बघितलं," म्हणाल्या आणि परत दिली.

कॅन्युला. कोपराच्या घडीत नाही, हात वाकला की सुई हलते. मनगटाच्या वरती, बाहेरच्या बाजूला. डावं मनगट मुरगळलेलं, म्हणून उजवा हात. शीर शोधताना डोळे खिडकीकडे, बोटं माझ्या हातावर. एकदाच टोचलं. मग आधी साधं सलाईन थोडं सोडून बघितलं, शीर घेते की नाही. दुखलं? नाही. फुगलं? नाही. मगच औषध.

औषध: काचेच्या छोट्या बाटल्यांतून काढून अडीचशे मिलीच्या सलाईनमध्ये. रंग काळसर तपकिरी, आमच्या मळीत पाणी घातलं की होतो तसा. मला वाटलं होतं लाल असेल. लोह म्हणजे लाल, असं कुठून डोक्यात बसलं होतं?

११.१०. सुरुवात सावकाश. सिस्टरनी नळीवरचं चाक अंगठ्यानं सरकवलं, थेंबांकडे बघितलं, पुन्हा किंचित सरकवलं आणि सोडून दिलं. "चाळीस ठेवलेत." घड्याळ बघितलं नव्हतं. मी मोजले. मिनिटाला एकेचाळीस. पुन्हा मोजले. चाळीस. मी फ्लो मीटर कॅलिब्रेट करून पगार घेते. त्या अंगठ्याला सर्टिफिकेट द्यायला हरकत नाही.

पहिली दहा मिनिटं त्या स्टूल घेऊन शेजारी बसल्या. मोबाईल नाही, दुसरं काम नाही. माझ्या चेहऱ्याकडे, मानेकडे, हाताकडे बघणं हेच काम. दर थोड्या वेळानं विचारायच्या: खाज? छातीत दडपण? श्वास? कंबर दुखते?

"काही नाही."

"घाम?"

"काही नाही."

चौथ्या वेळेला म्हणाल्या, "इथं 'काही नाही' हे उत्तर चालत नाही. काय होतंय ते सांगायचं. तोंडात चव कशी हाय?"

"...नाणं चोखल्यासारखी."

"हां. ते होतं. जातं. बघा, होतं काहीतरी."

मग थेंब वाढवले. नव्वद. (मोजले. ९१.) त्या काकूंकडे गेल्या. काकूंना सगळं सांगायचं होतं, डोकं जड, पाय गार, सून कशी बोलते. सिस्टर सुनेचंही ऐकून घेत होत्या.

११.३४. सुईच्या जागी चुरचुर. अगदी थोडी. बघितलं, फुगवटा नाही, रंग नाही. माझा नेहमीचा हिशोब सुरू झाला: बाटली तिसरा हिस्सा संपली, उरलेली निघून जाईल, कशाला उगाच. शिडीच्या नवव्या पायरीवर हाच हिशोब होता. कानात शिट्टी, आणि आठच तर पायऱ्या राहिल्यात.

म्हटलं, "सिस्टर, थोडं चुरचुरतंय."

त्या खोलीच्या पलीकडे होत्या. मी वाक्य संपवेपर्यंत चाक बंद होतं. आधी बंद, मग बघणं. हा क्रम मी मुद्दाम लिहून ठेवते. बोटांच्या पाठीनं कातडी चाचपली, दुसऱ्या हाताशी ताडून बघितली, म्हणाल्या, "नस नाराज झालीय. बाहेर गेलं नसावं, पण इथून आता एक थेंब नाही." कॅन्युला काढली, कापूस दाबला, डावा हात मागितला. डाव्या हातावर मनगटाचं बँडेज टाळून वर, कोपराखाली. पुन्हा साधं सलाईन, पुन्हा प्रश्न, पुन्हा चाळीसपासून सुरुवात. ११.४८.

"अजून दोन मिनिटं बोलला नसता तर हातावर शाई सांडल्यासारखा डाग बसला असता. कुणाकुणाचा जात नाही. चांगलं केलं सांगितलंत."

आणि मग, पट्टी चिकटवत, माझ्याकडे न बघता: "बायका सोसतात. शाबासकी मिळंल असं वाटतं त्यांना. सलाईनच्या खाटेवर सोसणारं माणूस म्हणजे माझ्या जिवाला घोर."

१२.३० ला बाटली संपली. नळीतलं उरलेलं साध्या सलाईननं आत ढकललं. मग अर्धा तास नुसतं बसायचं. मी विचारलं, लवकर गेले तर? "जा की. त्या दाराबाहेर चक्कर आली तर माझी नाही, कंडक्टरची जबाबदारी." बसले.

जाताना तोंडी सूचना, बोटांवर मोजून: उद्या-परवा डोकं दुखेल, अंग मोडून येईल, कणकण वाटेल. पाणी भरपूर. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, धाप लागली तर रात्र-दिवस न बघता यायचं. लोहाची गोळी आता बंद. ताकद आज येणार नाही. "बाटली चढली म्हणून उद्या डोंगर चढायला जाऊ नका. रक्त व्हायला आठवडे लागतात."

उजव्या हातावर डाग नाही. आत्ता पुन्हा बघितलं. नाही.


१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सांगितल्याप्रमाणे. डोकं जड, गुडघे आणि बोटांचे सांधे दुखतात. ताप ९९.२. पूजेला तरी गेले. वर्कशॉपमध्ये सतरंजीवर पाने, हातोडे, टॅप-डायचे सेट, सगळं रॉकेलनं धुऊन पुसून मांडलेलं. ही मांडामांड दरवर्षी शौकत मिस्त्री करतात. माझा मल्टीमीटरही होता, झेंडूचं फूल ठेवून.

लोक पांगल्यावर त्यांना गाठलं. विचारलं, मेमोला उत्तर दिलंत का?

"काय देणार?"

"शिडी कोरडी होती म्हणून."

"सकाळी सातला मीच पुसली ती. कोरडीच होती." मग फूल सरळ केलं. "पर तुमी सही केलीया ना म्याडम. मग मी काय म्हणू? म्याडमनी लबाड लिवलं म्हणू?"

आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं.

शेवटी २२ तारखेपासून अडकलेलं विचारलं. तुम्ही माझ्यामागे का चढला होता? तुमचं काम वर नव्हतं.

"त्याच्या आधी तीन आठवडं, तुमी चढला की मी मागं यायचो. तुमच्या ध्येनात न्हाई आलं."

"का?"

"आधी सतरा पायऱ्या एका दमात जायचा. गणपतीपास्नं मधी थांबायला लागला. त्यात ते तांदूळ खाणं. माझी थोरली लेक बी खायची, बाळंतपणात लय हाल झालं तिचं. आता तुमाला कसं म्हणायचं, तांदूळ नका खाऊ म्हणून? तुमी ऱ्हायला साहेब माणूस. म्हणून मागं चढायचं. तेवढं तर आपल्या हातात हाय."

तीन आठवडे. रोज दोन-तीन चढ. मला पावलं ऐकू आली नाहीत. एका माणसानं माझं बिघडत चाललेलं रीडिंग माझ्याआधी घेतलं, कुणाला सांगितलं नाही, आणि जिथे चूक होणार तिथे खाली उभा राहिला. मी त्याला मेमो मिळवून दिला.


२ ऑक्टोबर, दसरा

अंगदुखी कमी. ताप नाही. आईला फोन करून सगळं सांगितलं. शिडीवर चक्कर आल्याचंही. ती म्हणाली, "चहाबरोबर? अगं, मीही चहाबरोबरच घेते." तिला गोळ्या कोणी दिल्या, कधीपासून, मला माहीत नव्हतं. तपासणी करून घ्यायचं कबूल केलं. रविवारी मीच नेणार, नाहीतर ती टाळेल.


७ ऑक्टोबर

दुसरा डोस, पाचशे. खाऊन गेले. चुरचुर नाही. सिस्टरना विचारायच्या आधीच सांगितलं: चव आली, डोकं किंचित जड, भीती मागच्या वेळेपेक्षा कमी. म्हणाल्या, "आता पेशंट झाला."

त्यांना शौकत मिस्त्रींचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, मी असं सांगत नाही. त्या थेंब बघत होत्या. म्हणाल्या, "चाक बंद करा आधी. मग बघत बसा किती बाहेर गेलंय ते." एवढंच. आणि काकूंच्या खाटेवर आता कोण आलंय बघायला गेल्या.


९ ऑक्टोबर

देसाईंकडे गेले. तोंडी सांगितलं. त्यांनी दार लोटलं.

"हे बघा, फॉर्म बंद झालाय. लागलंय मनगटाला, तेही बरं झालं. तुम्ही आता चक्कर म्हणालात तर हाइट पास मला आजच जमा करावा लागेल. हंगाम तोंडावर. तुमच्याशिवाय वर कोण चढतंय?"

"आणि मेमो?"

"साधा मेमो आहे. पुढच्या वर्षी बघू त्यांचं. माणूस चांगला आहे."

माणूस चांगला आहे म्हणून पुढच्या वर्षी. हे वाक्य मला दिवसभर सोडवता आलं नाही.


१४ ऑक्टोबर

हिमोग्लोबिन ८.८. दोन आठवड्यांत १.९. डॉक्टर खूश. दहाला अजून दोन-तीन आठवडे. सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ, औषधानं आटोक्यात येईल म्हणाल्या.

दुसरी गोष्ट: डबीतले तांदूळ शनिवारपासून तसेच आहेत. सोडायचे ठरवलं नव्हतं. आठवणच आली नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या तसं.

आईचं ९.१. तिला आता पाण्याबरोबर घ्यायला सांगितलंय. रोज फोन करून विचारते. "काही नाही" हे उत्तर चालत नाही.


१६ ऑक्टोबर

मिस्त्रींना सांगितलं, लेखी देणार आहे. ते पाइपला आटे पाडत होते. थांबले नाहीत.

"कशाला म्याडम. तुमचा पास जाईल."

"जाईल."

"ह्या सालचं ऱ्हाऊ द्या. पुढच्या सालीबी यादी निघती. अकरा काढली, बारावं काढू."

"तुम्ही माझ्यामागे चढताना मला विचारलं होतं?"

त्यांनी हात पुसला. "न्हाई विचारलं."

"मग."

"लय हट्टी हाय गड्या हे," असं पाइपला म्हणाले. मला नाही.


१८ ऑक्टोबर, शनिवार

काल देसाईंच्या टेबलावर दिलं. पोच घेतली. मजकूर इथे उतरवून ठेवते. पहिला मसुदा दीड पान होता. सिस्टर जाधवांच्या हिशोबानं, काय झालं तेवढंच ठेवलं. पास सोबत जोडला. तो देताना बोटांना जरा वेळ लागला.

प्रति, सेफ्टी ऑफिसर.

विषय: २२ सप्टेंबरच्या अपघात अहवालातील दुरुस्ती.

१. इव्हॅपोरेटर नं. २ च्या शिडीवर माझा पाय घसरला नव्हता. मला चक्कर आली होती.
२. त्या वेळी माझे हिमोग्लोबिन ६.९ होते. मार्चपासून ते कमी असल्याचे मला माहीत होते. मी ते कळवले नव्हते.
३. शिडीच्या पायऱ्या कोरड्या व स्वच्छ होत्या. त्या दिवशी सकाळी सात वाजता श्री. शौकत मिस्त्री यांनी त्या पुसलेल्या होत्या.
४. अहवालातील "पायरी तेलकट असल्याने" हे शब्द माझे नाहीत. त्याखाली सही करण्याची चूक माझी आहे.
५. मी खाली पडले नाही, याचे एकमेव कारण श्री. शौकत मिस्त्री हे आहेत.
६. माझा हाइट पास सोबत जमा करत आहे. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावर नव्याने अर्ज करीन. तपासणीचे कागद जोडले आहेत.
७. श्री. शौकत मिस्त्री यांना दिलेला मेमो लेखी मागे घ्यावा आणि त्याची प्रत कायम नेमणुकीच्या फाइलला जोडावी.

यादी सोमवारी, २७ ऑक्टोबरला लागणार असल्याचे समजते. त्यामुळे मुद्दा क्र. ७ बाबत आपला निर्णय, होकार असो वा नकार, मला शनिवार दि. २५ ऑक्टोबर रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावा, ही विनंती.